पांढरं घेऊ नकोस

लिंबायत, सुरत
११ डिसेंबर १९९६

लूमच्या खडखडाटात ज्यांचे बाप बहिरे झाले, आणि त्या बहिरेपणाची भरपाई सोडाच, साधी चौकशी करायलाही ज्यांच्या दारी कोणी फिरकलं नाही, अशा लिंबायतच्या सगळ्या लेकरांनो,

आणि त्यातल्या तुला, गोपाल.

हस. "ताईला पाकिटातसुद्धा माईक लागतो," असं नूतनला वाचून दाखव आणि दोघं मिळून हसा. पण वरची ओळ खोटी असेल तर तसं सांग. आपले नाना, मगन कारागीर, तीस वर्षं लूमवर उभे राहिले. डाव्या-उजव्या बाजूला लूम, समोर लूम, पाठीमागे लूम. शेठनं दिवाळीला मिठाईचा पुडा दिला. कानाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "उमरनी असर छे." वयाचा परिणाम! शेठ नानांपेक्षा सात वर्षांनी मोठा आहे आणि त्याला शेजारच्या गाळ्यातला भाव ऐकू येतो.

तुझ्या-माझ्यातलं जे आहे ते असू दे. संपात तू कामावर गेलास, मी मांडवात तुझं नाव घेऊन बोलले, दुसऱ्या दिवशी तू बायको आणि ट्रंक घेऊन भेस्तानला गेलास. बोलले ते बोलले. आज त्यातला एक शब्दही परत घ्यायला मी लिहीत नाही. आज नानांसाठी लिहिते आहे.

गेल्या गुरुवारी आपल्या ओळीतल्या तिसऱ्या खोलीत स्टो भडकला. पडदा पेटला, मग गादी. सगळी ओळ बाहेर पळाली. आपल्या खोलीची कडी आतून होती. नाना भिंतीकडे तोंड करून पायजम्यात नाडी ओवत बसले होते. शेजारच्या पुष्पाबाई लाटण्यानं दार बडवत होत्या, "आग लागनी, नाना! दार उघाडा!" लाटणं तुटलं, नाना नाडी ओवतच राहिले. शेवटी चौघांनी खांदे लावून दार पाडलं. नानांनी वळून पाहिलं, तर घरात चार माणसं आणि धूर. त्यांना वाटलं दरोडा पडला. त्यांनी वहाण उचलली. एकाच्या कानाखाली बसलीही.

मी शाळेतून आले तेव्हा दार गल्लीत आडवं पडलेलं होतं आणि नाना त्याच्याकडे बोट दाखवून, का तोडलं म्हणून पुष्पाबाईंना विचारत होते, "हाई काबर तोडं?"

आग विझली. कुणाला काही झालं नाही. पण गोपाल, त्या दिवसापासून नाना दाराकडे पाठ करत नाहीत. दिवसभर दाराकडे तोंड करून पहारेकऱ्यासारखे बसतात. दुपारी आडवे होत नाहीत. जेवताना घास तोंडाशी नेतात आणि नजर कडीवर. मी शाळेतली नोकरी सोडून घरी बसू शकत नाही, हे तुलाही माहीत आहे. माणूस वाळलाय असं म्हणणार नाही, अजून आठवडाच होतोय. पण त्याच वाटेनं चालले आहेत.

परवा त्यांनीच तोड काढली. त्यांच्या त्या लूमवरच्या आवाजात ओरडून म्हणाले, "शेठनं कुत्रं व्हतं ना, तसं आन!" तुला आठवत असेल. कारखान्याच्या ऑफिसातलं ते लहानसं झुपकेदार पामेरियन. एवढ्या खडखडाटात फोन वाजला की मुनीमजीच्या पायाला धडका मारायचं. नानांनी बरीच वर्षं ते पाहिलं. त्यांना त्यांचे कान विकत हवे आहेत, बस.

घरमालकाला विचारलं. म्हणाले, "बेन, नानकडुं होय तो चाले. मोटो कूतरो नही." म्हणजे लहान जातीचंच हवं. निरोगी हवं, कारण दवाखान्याच्या फेऱ्या मला झेपणार नाहीत. आणि सातशेच्या वर मी जाऊ शकत नाही. तू आता प्रोसेस हाउसमध्ये कोरं कापड पांढरं करण्याच्या खात्यात आहेस असं कळलं. तिकडे शेठ लोकांचे बंगले, कुत्री, ओळखी. कोणी पिल्लं देत असेल तर कळव.

नानांसाठी कळव. मला उत्तर देतो आहेस असं समजू नकोस.

उज्ज्वला


३० डिसेंबर १९९६

गोपाल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोन वर्षांनी भावाचं अक्षर पाहिलं आणि त्यात भावानं काय लिहावं? "भेस्तान फाटकाजवळ रविवारी सुकदेव नावाचा माणूस पिल्लं घेऊन बसतो. स्वस्त देतो. पांढरं घेऊ नकोस. तांबडं घे. नानांना नमस्कार."

पांढरं घेऊ नकोस! का? कारण नाही. खुलासा नाही. हुकूम! अरे, काळी मांजर आडवी गेली म्हणून परत फिरणारे मी पाहिले. अमावास्येला लूमवर ताण्याचा नवा बीम न चढवणारे शेठ पाहिले. त्या सगळ्यांविरुद्ध मी घसा फोडून बोलले, आणि आता माझाच भाऊ कुत्र्याच्या रंगात शकुन-अपशकुन बघायला लागला. कोणत्या बुवानं सांगितलं? तांबडं शुभ, पांढरं अशुभ, आणि काळ्याला काय, लिंबू-मिरची बांधायची?

ते राहू दे. आधी मी कुठं कुठं फिरले ते ऐक, म्हणजे या शहरात गरिबाला कुत्रंसुद्धा कसं मिळतं ते कळेल.

पहिल्यांदा अठवा लाइन्सकडच्या एका दुकानात गेले. काचेच्या पेटीत पिल्लं, पेटीत दिवा. दुकानदारानं आधी माझ्या चपला पाहिल्या, मग पाच हजार म्हणाला. मी विचारलं, "यात काय काय येतं?" म्हणाला, "बेन, कागळियां आवे छे, खानदान आवे छे." मी म्हटलं, खानदान आमच्याकडे आहे, कान नाहीत. तो हसला नाही.

मग एका बंगल्यात पिल्लं फुकट देतात असं कळलं. बाई चांगल्या होत्या, सरबत दिलं. मग विचारलं, "फ्लॅट छे के रूम?" रूम म्हटल्यावर पिल्लं एकदम "अजून दूध पितात" झाली.

तिसऱ्यांदा तापीकाठच्या बाजारात गेले. तिथे जे पाहिलं त्यानं माझी वाचा बसली, आणि माझी वाचा बसणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. एका टोपलीत पाच पिल्लं, पाचही गपगार. एवढी शहाणी पिल्लं? एकाला उचललं तर मान लुळी. विकणाऱ्याच्या शेजारणीनंच हळूच सांगितलं, "गोळी आपे छे, रडे नही एटले." रडू नयेत म्हणून गोळी! दुसऱ्याच्या टोपलीतल्या पिल्लांचे डोळे पुवानं चिकटलेले, पोटं जंतांनी ढोलासारखी. तो म्हणतो कसा, "तंदुरुस्त छे, पेट जुओ ने!" मी तिथेच उभी राहून पंधरा मिनिटं बोलले. माणसं जमली. त्यातल्या एकानं, मी बोलत असतानाच, त्या ढोलपोट्या पिल्लाचा सौदा नक्की केला.

वाचनालयातून श्वानपालनाचं जुनं पुस्तक आणलं होतं, ते पाठ केलं. डोळे स्वच्छ हवेत, नाक ओलं पण वाहतं नको, हिरड्या गुलाबी, पोट मऊ, शेपटीखाली घाण नको, कानात दुर्गंधी नको, चालताना पाय सरळ. काल रविवारी ते घेऊन भेस्तानला गेले.

सुकदेव भेटला. आपल्यासारखाच मराठी, नांदेडकडचा, डोक्याला रुमाल. त्याच्यापुढे निळ्या कापडावर दोनच पिल्लं होती, दोन्ही पांढरी. दुधाच्या सायीसारखी. मी तांबड्याबद्दल विचारलं, कारण तू लिहिलं होतंस. माणूस चपापला. म्हणाला, "तांबडं आज नाही, ताई. पुढच्या रविवारी आणतो. थांबा."

मी म्हटलं, का थांबू? हे आजारी आहे का? नाही म्हणाला. मग पुस्तक उघडून एकेक गोष्ट तपासली. डोळे स्वच्छ. नाक ओलं. हिरड्या गुलाबी. पाय सरळ. कान हुंगले तर दुर्गंधी सोडाच, दवाखान्यातल्यासारखा स्वच्छ वास. केसांखाली कातडी जरा लालसर होती. "गोऱ्या जातीची असतेच," म्हणाला. ऐकू येतं का तेवढं तपासायला पुस्तकात सांगितलं नव्हतं, आणि फाटकाजवळ दर दोन मिनिटांनी ट्रक, गाडी, भोंगा.

तो परत म्हणाला, "थांबा ना ताई आठवडाभर." तेव्हा मी त्याला रंगाच्या अंधश्रद्धेवर चांगलं सुनावलं. माणसाला रंगावरून पारखणाऱ्यांशी आपण भांडतो, आणि मुक्या जनावराला मात्र रंगावरून? त्यानं मान खाली घातली. सहाशेत दिलं.

तर कळव तुझ्या बुवाला. पांढरंच घेतलं. मुद्दाम घेतलं.

उज्ज्वला


१५ जानेवारी १९९७

गोपाल,

उत्तर नाही तुझं. रागावलास? रागाव.

पिल्लू मादी आहे. नानांनी नाव ठेवलं कांडी. बाण्याचं पांढरं सूत गुंडाळलेली कांडी लूमच्या धोट्यात बसते, तशी ती नानांच्या मांडीच्या खळग्यात बसते. पहिल्या दिवशी नाना दोन बोटांनी धरत होते, जणू काच आहे. आता वाटीतलं दूध आधी स्वतः चाखून मग तिला देतात. परवा मी पाहिलं, त्यांनी चक्क दाराकडे पाठ केली होती. कांडी दाराकडे तोंड करून बसली होती, आणि नाना तिच्या भरवशावर भिंतीकडे वळून सुपारी कातरत होते. मी दारातच उभी राहिले.

अजून भुंकत नाही. लहान आहे. कोणी आत आलं, दिसलं, की शेपूट हलवत उठते. पुष्पाबाई म्हणतात, "शिकी जाई माय, पोरगं का लगेच बोलस?"

काल उत्तरायण होतं. तुला सुरतेचं उत्तरायण सांगायला नको. गच्च्यांवर भोंगे, थाळ्या, "काप्यो छे!"च्या आरोळ्या, संध्याकाळी फटाके. गल्लीतली कुत्री पायांत शेपट्या घालून गाड्यांखाली शिरली होती. पुष्पाबाईंची मांजर दोन दिवस बेपत्ता. आणि आपली कांडी? नानांच्या पायावर ढाराढूर. डोक्याच्या वर फटाका फुटला तरी कान हलला नाही. नाना सगळ्या ओळीला सांगत सुटले, "वाघ शे वाघ! भीत नही!"

पांढरं अशुभ असतं ना रे? ये एकदा, बघून जा.

उज्ज्वला


३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

गोपाल,

मला ताप आहे. तापामुळेच मी आज शाळेत न जाता घरी होते. नसते तर अजून कळलं नसतं.

सोमवारी आपल्या भागातल्या कारखान्यांची वीज बंद असते, तुला माहीत आहे. एरवी मी सोमवारीही शाळेत असते. घरी फक्त नाना आणि कांडी. आज बऱ्याच महिन्यांनी मी लिंबायत शांत ऐकलं. एकही लूम नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. मी पडून होते, नाना दाराकडे पाठ करून झोपले होते. भर दुपारी झोपले होते, गोपाल! आगीनंतर पहिल्यांदाच.

पुष्पाबाई माझ्यासाठी पेज घेऊन आल्या आणि उंबऱ्यात त्यांच्या हातून पेजेवर झाकलेली परात निसटली. पितळेची परात, फरशीवर. मी गादीवरून उडाले. शेजारच्या खोलीतलं पोर रडायला लागलं.

नाना झोपलेले. आणि त्यांच्या पोटाशी कांडी झोपलेली.

मी टाळी वाजवली. कानाशी नेऊन वाजवली. पुष्पाबाईंनी तिच्या डोक्यामागे परात पळीनं बडवली. तिच्या अंगावरचा केससुद्धा हलला नाही. पुष्पाबाई ओरडल्या, "अवं माय! तिले ऐकाले येत नही!"

त्या बोलल्या तेव्हा नाना जागे झाले होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होते. लूमवरचे लोक ओठ वाचतात. आपण घरात त्यांच्यापासून काही लपवू शकलो का कधी? त्यांनी पुष्पाबाईंकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं. मग उठून बसले आणि टाचेनं फरशीवर दोनदा ठोकलं, कारखान्यात एकमेकांना बोलवायला ठोकायचे तसं. कांडीनं डोळे उघडले. हादरा कळला तिला. नाना हसले आणि स्वतःच्या कानाला बोट लावून म्हणाले, "मना सारखीच शे."

मला हसता आलं नाही. आता हे दोघं एकमेकांना सांभाळतील, पण दारावरची थाप कोण ऐकणार? मी महिनाभर कुणाच्या भरवशावर शाळेत जात होते? आणि ते तर आजही दाराकडे पाठ करूनच झोपले आहेत. त्यांना अजून वाटतं, ती डोळ्यांनी राखण करते. झोपलेल्या कुत्रीचे डोळे!

आणखी एक. तिला उजेडात धरलं, केस फुंकरीनं बाजूला केले. मुळाशी तांबडे केस आहेत. सगळ्या अंगभर. पुष्पाबाई म्हणाल्या, "हाई ते तांबडी निघनी!" हा काय रोग आहे?

उद्या सरकारी पशुदवाखान्यात नेते.

उज्ज्वला


११ फेब्रुवारी १९९७

गोपाल,

आता ऐक.

पशुदवाखान्यातल्या डॉक्टरांनी कांडीला टेबलावर ठेवलं, केस विंचरून पाहिले आणि कानात बॅटरी मारली. मग म्हणाले, "बेन, आ रोग नथी. आने कोईए ब्लीच करी छे." रोग नाही, कुणीतरी ब्लीच केलंय. मला वाटलं, माझं गुजराती चुकतंय. मी हिंदीत विचारलं. ते हिंदीत म्हणाले. कापडाला करतात तसं. गल्लीतलं तांबडं पिल्लू घेऊन द्रावणात बुडवलेलं. पामेरियन नाही, त्याची मावशीही नाही. कातडी त्यामुळेच लाल. ते पाणी कानात गेलं, आतला पडदा भाजला. आता ऐकू येणार नाही. जगेल, खाईल, वाढेल. ऐकणार नाही.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. आजवर या शहरात मी भेसळीचं तेल पाहिलं, भेसळीचा धागा पाहिला, भेसळीचे पुढारी पाहिले. जीव भेसळ करून विकतात हे पाहिलं नव्हतं. माझ्या मांडीवर पाच आठवडे एक जीव होता, आणि त्याला कोऱ्या ताग्यासारखं धुतलं होतं.

परवा रविवारी तिला पिशवीत घालून फाटकावर गेले. सुकदेव बसलेला. आज तीन पांढरी. मी कांडीला वर धरलं आणि बोलायला सुरुवात केली. तू माझी भाषणं ऐकली आहेस. हे त्या सगळ्यांच्या वरचं होतं. माणसं थांबली, रिक्षा थांबल्या. मी विचारलं, कोण आहे तो कसाई? कोणाच्या हातांनी हे केलं? नाव सांग, या चार माणसांत नाव सांग!

सुकदेवनं रुमाल काढून तोंड पुसलं. म्हणाला, "सांगू? खरंच सांगू, ताई?"

"सांग!"

"तुम्ही गोपालच्या बहीण ना? माझ्यावर कशाला ओरडता? मी विकतो. धुतो तुमचा भाऊ."

माझा हात वरच राहिला, गोपाल. त्यात कांडी लोंबत होती.

तो थांबला नाही. "त्यानंच मला सांगितलं होतं, बहीण येईल, शिक्षिका आहे, बापासाठी पाहिजे, तिला पांढरं देऊ नको. मी दोनदा थांबा म्हणालो की नाही? तुम्ही मलाच अंधश्रद्धेवर भाषण दिलं. मी काय बोलणार होतो, चार गिऱ्हाइकांसमोर?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कोणी. माझ्या भाषणाला आजवर टाळ्या मिळाल्या, शिव्या मिळाल्या, एकदा दगड मिळाला. हसू पहिल्यांदा मिळालं.

तिथून तुझ्या खोलीवर गेले. तू पाळीवर होतास. नूतन मागच्या मोरीशी होती. मला बघून उठली, पदर सावरला, म्हणाली, "या ताई. भाषण करायचं असेल तर आधी पाणी प्या."

मागे दोरीवर धुतलेले कपडे होते आणि दोरीखाली, उन्हात, पोत्यावर दोन पिल्लं वाळत होती. पांढरीशुभ्र. थरथरत होती.

मी पाणी प्यायले नाही. विचारलं, "कसं करता?"

तिनं सांगितलं. लपवलं नाही, एवढं तिच्या बाजूनं लिहिते. खात्यातलं वापरून उरलेलं पाणी तू कॅनमधून आणतोस, ते कोमट करता. मिलच्या कंपाउंडमधल्या कुत्र्यांची पिल्लं. एका हातानं मानेला धरायचं, दुसऱ्या हातानं डोळे झाकायचे. "डोळे नीट झाकतो हो आम्ही," म्हणाली.

"आणि कान?"

तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "कानांना हात कुठून आणायचे? दोनच असतात."

मी काही बोलायच्या आत तीच उसळली. "ताई, तुम्हाला वाटतं आम्हाला मजा येते? तांबडं पिल्लू कोणी फुकट नेत नाही. गाडीखाली जातं, नाहीतर महापालिकेच्या जाळीत. पांढरं केलं की बंगल्यात जातं, दूध पितं."

"आणि रंग उतरल्यावर?"

"ते बघायला आम्ही जात नाही."

गोपाल, या वाक्यावर मी तासभर बोलू शकते. बोलले नाही. कारण त्यानंतर तिनं तुझं पोस्टकार्ड काढलं. म्हणजे त्याची गोष्ट काढली. "त्यांनी लिहिलं होतं ना तुम्हाला, पांढरं घेऊ नका म्हणून. चार वेळा लिहून फाडलं. कारण कसं लिहिणार? पोस्टकार्ड होतं, पोस्टमन वाचतो, मिलमधला कोणीही वाचतो. नोकरी जाईल."

पोस्टकार्ड होतं! अरे, पाकीट मिळत नव्हतं? एक बंद पाकीट, आत एक ओळ, "ताई, ते मी धुतो." तेवढी ओळ लिहिली असतीस तर नानांच्या पोटाशी आज ऐकणारा जीव असता. आणि समजा, माझ्यावर भरवसा नव्हता. ही मांडवात जाऊन बोलेल, असं वाटलं असेल. वाटूही शकतं. पण मग लिंबायत किती लांब आहे? सायकलवर येऊन दारात उभा राहिला असतास तरी नानांनी तुझे ओठ वाचले असते. मी घरात आहे की नाही तेही बघायची गरज नव्हती.

आणि माझं? पांढरं मी घेतलं. मुद्दाम घेतलं. माझा मुद्दा बरोबर होता आणि पिल्लू चुकीचं होतं. यावर काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. सुचेल तेव्हा तुला सांगणार नाही.

मी निघाले तेव्हा मोरीपलीकडच्या भिंतीआडून एक पिल्लू बाहेर आलं. तांबडं, आखूड पायांचं, एक कान उभा, एक पडलेला. माझ्या चपलेचा आवाज झाला तसं ते भुंकलं. मी थांबले, तेही थांबलं. मी नुसती टाच उचलून टेकवली तर परत भुंकलं. त्याची आई मांजराएवढी आहे, नूतन म्हणाली, हेही फार वाढणार नाही. मी त्याचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं. मग त्याच्या मागे, त्याला न दिसेल असं, किल्ल्या वाजवल्या. गर्रकन वळलं.

"याचं काय करणार?" मी विचारलं.

नूतन खाली बघत म्हणाली, "पुढच्या आठवड्यात पाळी आहे त्याची. जरा मोठं झालं की."

मला पिशवीत घालता आलं असतं. नूतन नाही म्हणाली नसती. तीच म्हणाली, "घेऊन जा ताई, फुकट न्या." मी घेतलं नाही. कारण मी नेलं असतं तर नाना विचारणार, कुठून आणलं? आणि मला सांगावं लागणार. मी तुझ्याबद्दल एकदा सगळ्यांसमोर बोलले आहे. या वेळी मी बोलणार नाही. नानांना अजून काही माहीत नाही. कांडी जन्मापासून बहिरी आहे असं त्यांना वाटतं. "बिचारी," म्हणतात. मी शाळेत गेले की पुष्पाबाई तासातासानं डोकावतात, आणि पुढल्या महिन्यात त्या लेकीच्या बाळंतपणाला अमळनेरला जाणार आहेत. त्यानंतर त्या दाराला कोणी नाही.

भाषण संपलं. आता एकच काम सांगते, आणि ते तुझंच आहे, नूतनचं नाही, सुकदेवचं नाही, माझं नाही.

येत्या सोमवारी, सतरा तारखेला, लूम बंद असतील. रजा टाक. ते तांबडं पिल्लू घेऊन घरी ये. नानांच्या समोर बस, उजेडाकडे तोंड कर, म्हणजे त्यांना तुझे ओठ नीट दिसतील. कांडीचे कान कसे गेले ते त्यांना सांग. सावकाश सांग, मध्ये हात तोंडावर नेऊ नकोस. ते काय म्हणतील ते मला माहीत नाही. वहाण उचलतील, रडतील, किंवा नुसतेच बघत राहतील. जे करतील ते सोस. मी घरात नसेन, मी शाळेत असेन. मग ते पिल्लू त्यांच्या मांडीवर ठेव.

त्याला पाण्याजवळ नेऊ नकोस. आहे त्या रंगाचं आण.

तुझी ताई
उज्ज्वला